मदत हवी आहे - शाळेतल्या आरोग्याच्या कामासाठी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पहिली ते चौथी, पट ८४. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) टीम वर्षातून एकदा येऊन तपासणी करून जाते, जंतनाशक गोळी आणि आठवड्याची गुलाबी लोहाची गोळीही मुलांना देतो, पण त्यापुढचं काय ते आमच्यावरच. वजनकाटा अंगणवाडीतून मागून आणायचा, उंचीसाठी भिंतीवर टेप चिकटवलाय. तिसरीतली एक मुलगी वहीवर नाक टेकवून लिहायची, चष्मा मिळाल्यावर पहिल्याच दिवशी फळ्यावरचं सगळं घडाघडा वाचलं हो तिने, तेव्हापासून मनात घेतलंय की दर तीन महिन्यांनी नजर, दात, वजन बघायचंच.

आम्हाला हवंय ते एवढंच: वजनकाटा, नजर तपासायचा तक्ता, प्रथमोपचार पेटी आणि हात धुवायला आठ नळांची रांग. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० पर्यंत संयुक्त अनुदान (शाळेच्या सगळ्या किरकोळ खर्चासाठी एकत्र रक्कम) असतं, त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती सगळं बसवायचं. 'माझी शाळा सुंदर शाळा' या राज्य सरकारच्या शाळांच्या स्पर्धेत आरोग्यालाही गुण होते, २०२४ मध्ये राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख होते, पण असं बक्षीस मिळणार काम झाल्यावर ना, आधी पैसा कुठून आणायचा?

१५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला ६०% भाग पाणी-स्वच्छतेसाठी होता, त्यातून नळ कोणी करून घेतलेत का? ग्रामसभेत ठराव कसा मांडलात? आणि सीएसआरसाठी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने करायचा की शाळा व्यवस्थापन समितीच्या? कोणाकडे नमुना असेल तर प्लीज टाका.