वस्तीतल्या बोलण्याचा अभ्यास: नेमकं मोजायचं काय?

तापीकाठची
एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी धुळ्यातली पांझरेकाठची वस्ती घेतेय. आत्या तिथेच राहते. लोकांच्या आपसातल्या बोलण्यातून वस्ती बदलते का, हा विषय. लॉस एंजेलिसच्या मेटामॉर्फसिस प्रकल्पाबद्दल वाचलंय. त्यातल्या संशोधक सँड्रा बॉल-रोकीच यांची मांडणी अशी की रहिवासी, स्थानिक संस्था आणि स्थानिक माध्यमं एकमेकांना धरून परिसराबद्दल बोलत असतील, तर माणसं तिथल्या कामात उतरतात. सरांनी प्रश्नावली करायला सांगितलीय. पण 'शेजाऱ्यांशी बोलता का?' विचारलं की सगळेच 'हो' म्हणतात!

निवृत्त संघटक
ताई, मी समुदाय संघटक होतो. प्रश्नावलीआधी एक बातमी धर आणि तिच्या मागे जा. पाण्याचीच घे. रोज येत नाही, म्हणून ती सगळ्यांना हवी असते. व्हॉल्व्हमनकडून निघते, चहाच्या टपरीवर येते, मग नगरसेवकाच्या कार्यकर्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यात बहुतेक पुरुषच. बायांना कळतं पिठाच्या गिरणीवर, नाहीतर ओट्यावरून हाळी येते, 'पानी उनं का वं माय?' मागच्या गल्लीत धडगावकडून आलेली पावरा आदिवासी कुटुंबं भाड्याने राहतात, त्यांना हाळी कोण देणार? हंडे तिथेच रिकामे राहतात. कोणाला, कोणाकडून, किती वाजता कळलं, एवढं घरोघर लिही.

मग तक्रार त्याच वाटेने उलटी वर जाते का, ते बघ. आमच्याकडे एका गटारीचा अर्ज नुसता टेबलं फिरत होता. भिशीत बसणाऱ्या बायांत एक आशाताई होती. तापाचे पेशंट कोणत्या गल्लीत जास्त, हे तिने बोलता बोलता सांगितलं. गटार तिथेच तुंबते हे बायांनी लगेच ओळखलं. बचत गटाच्या लेटरहेडवर निवेदन गेलं, तालुक्याच्या पेपरात फोटो आला, मग जेसीबी आला. तुझ्या त्या बॉल-रोकीच बाईंचे तिन्ही घटक आले बघ यात. आपल्याकडे चौथा असतो, कार्यकर्ता. तो बातमी पोचवतो तशी अडवूनही धरतो. पाणी आपणच सोडलं असं दाखवायचं असतं ना त्याला. त्याला वगळून लिहिलंस तर प्रबंध अर्धाच.

आकडेवाला
संघटकसाहेबांशी सहमत, पण प्रश्नावली टाकून देऊ नका, प्रश्न बदला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ परिसरांवर १९९७ साली जो अभ्यास छापला, त्यात विचारलं होतं: पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असली तर शेजारी हटकतील का? जिथे असा भरवसा जास्त, तिथे गरिबी हिशेबात धरूनही हिंसा कमी निघाली. मात्र बोलल्यामुळे काम झालं, की काम झाल्यावर लोक बोलू लागले, हे एका फेरीत कळणार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच घरांत जा.

तापीकाठची
दोन फेऱ्या जमतील. पण मला पावरी बोली येत नाही. आत्याला सोबत नेऊ?

निवृत्त संघटक
आत्याला अजिबात नको. ती समोर बसली की लोक तिला रुचेल तेच बोलतील. त्यांच्यातलीच कॉलेजला जाणारी एखादी मुलगी शोध, तिला मानधन दे. आणि संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा सगळे बांधकामावर असतात.