ध्रुवीय ढगांच्या उपग्रह-संशोधनाला निधी : सांगलीच्या कॉलेजने अर्ज कुठे करावा?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीच्या एका अनुदानित कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एमएस्सीच्या काही मुलांना घेऊन ध्रुवीय ढगांवर प्रस्ताव लिहिते आहे. निधीपाशी गाडी अडली आहे.

विषय थोडक्यात सांगते. ध्रुवाकडे खाली बर्फ पांढरा, वर ढगही पांढरा, म्हणून उपग्रहाच्या चित्रात ढग वेगळा ओळखू येत नाही. तापमानावरून ओळखावं तर हिवाळ्यात बर्फाचा पृष्ठभागच कधी कधी ढगापेक्षा थंड असतो. १.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात बर्फ काळपट आणि पाण्याच्या थेंबांचा ढग उजळ दिसतो, पण त्याला ऊन लागतं, आणि तिथे तर महिनोन् महिने रात्र. याच रात्री ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात, म्हणजे हवामानाच्या हिशेबात ते सगळ्यात मोलाचे असतात तेव्हाच सापडायला सगळ्यात कठीण.

२००६ मध्ये गेलेल्या कॅलिप्सो उपग्रहाचा लिडार (लेझरच्या उजेडाने ढग टिपणारं यंत्र) रात्रीही ढग पाहायचा, आणि क्लाउडसॅट उपग्रहाचा रडारही २०११ पर्यंत रात्री पाहायचा. दोन्ही मोहिमा २०२३ मध्ये संपल्या. २०२४ मध्ये युरोप-जपानचा अर्थकेअर हा ढग पाहणारा उपग्रह गेला, आणि नासाचे प्रीफायर हे दोन छोटे उपग्रह ध्रुवांवरून निघणारी दूर-अवरक्त (फार-इन्फ्रारेड) उष्णता मोजायला गेले. लिडार-रडारच्या जुन्या नोंदी खऱ्या धरून साध्या इन्फ्रारेड (उष्णता टिपणाऱ्या) चित्रांतला रात्रीचा ढग ओळखणारी पद्धत आम्हाला बसवायची आहे. डेटा फुकट मिळतो. पैसे लागतात ते माणसाला, संगणकाला आणि साठवणीला. एका जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन छात्राचे) महिना ३७,००० धरले तर दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार होतात, घरभाडे भत्ता वेगळा.

एका समितीत विचारलं गेलं, "सांगलीचा आणि ध्रुवाचा काय संबंध?" २०१९ चा पूर पाहिलेल्या गावात तो ध्रुवावरच्या ढगांमुळे आला असं लिहून पैसे मागणं मला पटत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. खोटं न बोलता हे कसं मांडावं? आणि इस्रोचा रिस्पॉन्ड (कॉलेज-विद्यापीठांना संशोधन निधी देणारा कार्यक्रम), एएनआरएफ (केंद्राचं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) की पृथ्वी विज्ञान मंत्रालय, आधी कुठे जावं?

प्रतिसाद :
मॅडम, रिस्पॉन्डसाठी इस्रो संशोधनाच्या विषयांची यादी काढते. ती आधी बघा. त्यात बसत असेल तर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमधल्या शास्त्रज्ञांशी आधीच बोलून घ्या. ध्रुवांचं काम गोव्याच्या एनसीपीओआर या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राकडे आहे, मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकावरची केंद्रं तेच चालवतात. ढगांची माणसं तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहेत : महाबळेश्वरला आयआयटीएमची (पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची) ढग-भौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. संबंध विचारला तर सरळ सांगा, डेटा सगळ्या जगाला खुला आहे आणि ढग ओळखायची पद्धत कुठेही बसून शोधता येते. पूर मध्ये आणू नका, तुमचं बरोबर आहे.

धागाकर्ती :
मनापासून आभार, सर. महाबळेश्वरचं डोक्यातच नव्हतं. एकच विचारते : सहकारी शास्त्रज्ञाचं पत्र प्रस्तावासोबतच लागतं, की मंजुरीनंतर दिलं तरी चालतं? कुणी हल्लीच अर्ज केला असेल तर कृपया सांगा.