स्टेज ४ ब्रेस्ट कॅन्सर आणि टार्गेटेड औषधं: तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

अबोली:
ऑगस्टमध्ये आईची कंबर दुखायची थांबेना म्हणून एमआरआय केला तर मणक्यात गाठी निघाल्या, म्हणजे ब्रेस्टचा कॅन्सर तिथे पसरलेला, स्टेज ४. ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झालेली, घरात तो विषयसुद्धा निघायचा नाही. डॉक्टर म्हणाले केमो नको, टार्गेटेड, म्हणजे कॅन्सरच्या पेशीतल्या ठराविक गोष्टीवर नेम धरणाऱ्या गोळ्या देऊ. आम्हाला वाटलं गोळ्या म्हणजे हात टेकले. आई रिक्षात म्हणाली, "म्हणजे आता काही करण्यासारखं राहिलं नाही का गं." तसं नव्हतं, पण हे नीट कळायला आम्हाला महिना गेला, आणि तो महिना फार वाईट गेला. दुसऱ्या कुणाचा तसा जाऊ नये म्हणून हा धागा काढतेय.

आईचा प्रकार हार्मोन पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी, पण हर टू नावाचं प्रोटीन तिच्यावर जास्त नाही. रोज लेट्रोझोल आणि सोबत पाल्बोसिक्लिब (पाल्बो) १२५ मिलिग्रॅम, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस बंद. मला समजलं ते असं की लेट्रोझोल गाठीचं खाणं म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन बनणं रोखतं आणि पाल्बो त्या पेशींना दुपटीने वाढू देणारी दोन प्रोटीनं दाबून धरतं. कालनिर्णयवर आईच लाल पेनाने गोळीच्या दिवसांवर गोल करते, सुट्टीचे सात दिवस कोरे. दुसऱ्या महिन्यात गोळ्यांचं नवीन पाकीट सुरू करायच्या आदल्या दिवशी सीबीसी ही रक्ततपासणी केली तर न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खूप कमी, ७०० वर. गोळी आठवडाभर थांबवली आणि मग १०० ची दिली. डोस कमी केला म्हणून मी रात्रभर रडले, पण डॉक्टर म्हणाले बऱ्याच जणींचा करावा लागतो आणि तरी औषध काम करतं. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या, आता ती स्वतः जिना उतरून खाली भाजीवाल्यापर्यंत जाते.

एक गोष्ट आवर्जून सांगते. औषधाच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं लिहिलेलं, आम्ही म्हटलं ते कोण खातंय आपल्यात. गणपतीत मामाकडून पपनस आलं, आईने सोलून वाटीत घेतलेलं, तेव्हा भावाला आठवलं की हे त्याचंच भावंड. फोन करून विचारलं तर नकोच म्हणाले, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. तुमच्याकडे परसात पपनस असेल तर लक्षात ठेवा.

शेवंती:
मी स्वतः पेशंट, वय ३८, नाशिक. माझं पहिल्यांदा निदान झालं तेच स्टेज ४, लिव्हरमध्ये. पाळी चालू होती म्हणून दर २८ दिवसांनी अंडाशयाचं काम थांबवायला पोटात गोसेरेलिनचं इंजेक्शन, सोबत लेट्रोझोल आणि पाल्बोच्याच गटातलं रायबोसिक्लिब, २०० च्या तीन गोळ्या एकदम. सुरुवातीला ईसीजी दोन-तीनदा काढतात कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, घाबरू नका. आणि सर्दीतापाची अँटिबायोटिकसुद्धा स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यातल्या काही या औषधासोबत चालत नाहीत. माझ्यासारख्या पाळी न गेलेल्या बायकांवरच या औषधाची वेगळी ट्रायल झालेली आणि २०१९ मध्ये निकाल आला की औषध घेणाऱ्या बायका जास्त काळ जगल्या. तो निकाल नवऱ्याने मला वाचून दाखवला तेव्हा मी पहिल्यांदा मुलीच्या दहावीचा विचार केला, ती आत्ता सातवीत आहे.

पैशाचं बोलायलाच पाहिजे. २०२२ मध्ये केरळमधल्या एका पेशंट बाईने हायकोर्टात केस टाकली होती की हेच रायबोसिक्लिब महिना ५८ हजारांच्या घरात आहे, आम्ही आणायचं कुठून, पेटंट असलं तरी दुसऱ्या कंपन्यांना बनवू द्या. निकालाआधीच ती गेली, कोर्टाने केस मात्र स्वतःहून पुढे चालवली. मी तिचा विचार रोज करते. पाल्बोचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि आपल्या कंपन्यांच्या गोळ्या काही हजारांत मिळायला लागल्या, त्यामुळे परवडत नसेल तर डॉक्टरांना तोंडाने विचारा की यातलं दुसरं चालेल का. लाजू नका. मी चार महिने लाजले आणि दागिने मोडले.

माणदेशी:
बायकोचा अनुभव लिहितो. आम्ही सातारा जिल्ह्यातले. तिच्या रिपोर्टवर हर टू २ प्लस लिहिलेलं, कुणी काही बोललं नाही, केमो सुरू. दुसऱ्या ओपिनियनला गेलो तेव्हा कळलं की २ प्लस म्हणजे ना हो ना नाही, त्यावर फिश नावाची टेस्ट करायचीच असते. केली, पॉझिटिव्ह आली. दीड महिना फुकट गेला, त्याचा राग अजून जात नाही. तुमच्या रिपोर्टवर २ प्लस असेल तर त्याच दिवशी विचारा फिश कधी.

मग ट्रॅस्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब सुरू झालं, दर तीन आठवड्यांनी, आणि दर तीन महिन्यांनी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. ट्रॅस्टुझुमॅबची भारतात बनलेली आवृत्ती २०१४ पासून मिळते म्हणून तरी झेपलं. इंजेक्शन पुण्यातून थर्माकोलच्या डब्यात आणायचो, ते २ ते ८ डिग्रीतच राहावं लागतं. एसटीत डबा मांडीवर, शेजारच्याला वाटायचं मासे आहेत, मी दर अर्ध्या तासाने झाकणाला हात लावून गार लागतंय का बघायचो. दोन वर्षं असं केलं.

नंतर फुप्फुसात वाढलं तेव्हा एनहर्टू, म्हणजे ट्रॅस्टुझुमॅबलाच केमोचं औषध बांधलेलं, ते थेट हर टूवाल्या पेशीत जाऊन सुटतं. नाव सारखं असलं तरी साध्या ट्रॅस्टुझुमॅबपेक्षा औषध वेगळं आहे, बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा, मी प्रत्येक वेळी सिस्टरबरोबर वाचतो. २०२४ च्या बजेटमध्ये यावरची कस्टम ड्युटी काढली, तरी आमच्यासारख्याला महागच, जमिनीचा तुकडा गेला. मळमळ खूप, केस बरेच गेले, पण श्वास मोकळा झाला. कोरडा खोकला किंवा दम लागला तर त्याच दिवशी कळवा असं बजावलंय, फुप्फुसाला सूज येऊ शकते. ती परवा गौरीच्या फुलोऱ्याला बसली होती, करंज्या वळत.

पाणवठा:
माझा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे दोन्ही हार्मोन आणि हर टू तिन्ही निगेटिव्ह, वरच्यापैकी काहीच मला लागू नाही. सगळे टार्गेटेड टार्गेटेड म्हणतात तेव्हा फार एकटं वाटायचं. पण रक्ताच्या टेस्टमध्ये बीआरसीए१ हा घराण्यातून येऊ शकणारा जीनमधला दोष सापडला आणि त्यावरचं ओलापॅरिब मिळालं, गोळ्याच आहेत, दिवसातून दोनदा. हिमोग्लोबिन पडतं, दोनदा रक्त चढवलं. बहिणीने टेस्ट करायला वर्ष लावलं, तिला मी काही बोलले नाही.

चाफा:
माझी ताई पाल्बोवर १४ महिने चांगली होती, मग लिव्हरमध्ये आलं, औषधं बदलली, एप्रिलमध्ये गेली. हे इथे लिहावं की नको असं झालेलं. पण त्या १४ महिन्यांत ती पंढरपूरला जाऊन आली, लेकाचं लग्न केलं, स्वतःच्या हाताने रुखवत मांडलं. मुंबईला तपासणीला जायचो तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, तिथे रात्री बायका एकमेकींचे रिपोर्ट वाचत बसायच्या, ताईला खरा आधार तिथेच मिळाला. औषध काम करेनासं झालं तर पुन्हा बायोप्सी होते का हे विचारा, दुसऱ्या जागची गाठ पहिल्यासारखीच असेल असं नाही.

सोनचाफा_पुणे:
मी डे केअरमध्ये सिस्टर आहे. अबेमासिक्लिब (हीसुद्धा पाल्बोच्या गटातली गोळी) घेणाऱ्यांनी पहिल्या पातळ जुलाबालाच डॉक्टरांनी दिलेली लोपेरामाइड घ्या, उद्या बघू म्हणून थांबू नका, पाणी भरपूर प्या. या गोळ्यांवर ताप १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल घालून झोपायचं नाही, रात्र असली तरी फोन करा.

अबोली:
सिस्टर, आईची दाढ दोन दिवस ठणकतेय, आणि ४ तारखेला हाडांचं झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन आहे. शेजारचे डेंटिस्ट म्हणतात उद्याच काढून टाकू.

सोनचाफा_पुणे:
अजिबात काढू देऊ नका आत्ता. या इंजेक्शनवर दात काढला तर जबड्याचं हाड भरत नाही असं होऊ शकतं. आधी ऑन्कोला, म्हणजे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना, फोन करा, इंजेक्शन पुढे ढकलायचं का ते तेच ठरवतील, आणि डेंटिस्टना औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. सकाळी लवकर करा फोन, ओपीडी सुरू व्हायच्या आत.