औषधांचं पाणी: चौथा टप्पा हवा की उगमावरच अडवायचं?

पाणकावळा:
जुन्या गोळ्या संडासात टाकू नका, या सूचनेपाशीच औषध-प्रदूषणाची चर्चा दरवेळी अडते. सूचना बरोबर आहे, पण नद्यांत पोचणारा मोठा भाग लघवीतून येतो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात जवळजवळ बदलतच नाही. फिट्सवरचं कार्बामाझेपिन सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून आलं तसं पुढे जातं. काही औषधांना यकृत ग्लुकुरोनाइडची (साखरेसारख्या रेणूची) जोड लावून बाहेर टाकतं. सांडपाण्यातले जिवाणू ती जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं, म्हणून कधीकधी केंद्रात येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते जास्त सापडतं. माझं मत: मोठ्या केंद्रांना नेहमीच्या शुद्धीकरणानंतर, उरलेली औषधं काढायला, ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा चौथा टप्पा लावा, पैसे उत्पादकांकडून घ्या. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर किमान ८० टक्के खर्च टाकलाच आहे.

खलबत्ता:
पैशांबद्दल सहमत, उपायाबद्दल अजिबात नाही. ओझोन औषधाचे तुकडे करतो, ते नाहीसं करत नाही, म्हणून मागे वाळूची गाळणी लागतेच. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट हे घातक संयुग तयार होतं ते वेगळंच. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या दर ग्रॅममागे साधारण ०.५ ते ०.७ ग्रॅम ओझोन पुरतो, पण नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) अर्धवट राहिलं असेल तर उरलेलं नायट्राइटच हा ओझोन आधी खाऊन टाकतं. दुसरा, म्हणजे जिवाणूंकडून शुद्ध करून घेण्याचा टप्पा धड चालत नसेल तिथे चौथा बसवून काय साधणार?

त्यापेक्षा वापर बघा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल त्वचेतून जेमतेम ६ टक्के शोषलं जातं. चोळून लगेच हात धुतले की हाताला राहिलेलं थेट मोरीत. आधी हात कागदाने पुसायचे, कागद कचऱ्यात, मग धुवायचे. हाताच्याच सांध्याला लावलं असेल तर तासभर पाणी लावायचं नाही. औषध देताना एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो.

तळगाळ:
दोघंही घरगुती सांडपाण्यातच अडकलात. हैदराबादजवळ पटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या केंद्राच्या प्रक्रिया झालेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. हे २००७ साली प्रसिद्ध झालंय. प्रतिकारक्षम जिवाणू फोफावू नयेत म्हणून सुचवलेली मर्यादा लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जवळपास पाच लाख पट! यापुढे जेलचा हिशेब कुठे लावायचा?

खरी चूक कारखान्यातच होते. टाकीच्या पहिल्या धुण्याचं दाट पाणी बाकीच्या पाण्यात सोडून देतात. एकदा मिसळलं की तेवढंच औषध कितीतरी जास्त पाण्यातून काढावं लागतं. ते वेगळं धरलं तर पेनिसिलिन गटातली औषधं सामू (pH) वाढवून जागीच तोडता येतात. सिप्रोफ्लॉक्सासिन असं तुटत नाही. ते गाळाला चिकटतं, म्हणून तो गाळ जाळावा लागतो, खत म्हणून देता येत नाही.

मोजपट्टी:
कारखान्यांबद्दल +१. पण घरगुती सांडपाण्यात सगळं लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये (ग्रॅमचा अब्जावा भाग), फार तर काही मायक्रोग्रॅममध्ये असतं. सापडलं म्हणजे अपाय झाला असं नव्हे.

पाणकावळा:
@मोजपट्टी, कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या 'लेक २६०' तलावात २००१ ते २००३ मध्ये संशोधकांनी प्रयोग म्हणून मुद्दाम इथिनिलइस्ट्राडिओल सोडलं होतं, लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. गर्भनिरोधक गोळीतलं हेच संप्रेरक. नर माशांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा त्या तलावातून जवळजवळ संपला. एवढ्या कमी मात्रेत मासे संपत असतील तर 'फक्त नॅनोग्रॅम' म्हणून सोडून देता येत नाही.

@खलबत्ता, नायट्राइटचा मुद्दा मान्य, आधी नायट्रीकरण नीट करायलाच हवं. कोळशाच्या भुकटीला मात्र ती अडचण येत नाही. लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम लागते. गाळ जाळावा लागतो हा खर्च आहेच.

@तळगाळ, तुमच्याशी पूर्ण सहमत. कारखान्याचं पाणी शहरी केंद्रात घेऊच नये.

खलबत्ता:
इथिनिलइस्ट्राडिओलसाठी तुमचा चौथा टप्पा मान्य करतो, कारण गोळी बंद करा असं कोणी म्हणू शकत नाही. पण जिथे पर्याय आहे तिथे आधी पर्याय. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने, ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी ते बंद झालं, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय होता. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. हे विष पाण्यातून गेलं नव्हतं, त्यामुळे कुठल्याही केंद्राने ते अडवलं नसतं.