तो ढोल नव्हेच

अमापियानो हा नाचाच्या संगीताचा प्रकार म्हणजे अफ्रोबीट्स या नायजेरियन पॉप संगीताचाच एक प्रकार, असं कुणी कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. तो दक्षिण आफ्रिकेतला, प्रिटोरिया-जोहान्सबर्गच्या टाउनशिपमधला, म्हणजे शहराकडेच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधला. नायजेरियातल्या लागोसवाल्यांनी नंतर उचलला. २०२३ मध्ये आलेल्या नायजेरियन गायक डेव्हिडोच्या 'अनअव्हेलेबल' या गाण्यातला पाहुणा गायक मूसा कीज दक्षिण आफ्रिकेचाच आहे.

आणि अमापियानोत पोटात घुमणारा तो डुंग-डुंग आवाज खऱ्या ढोलाचा नाहीच! एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या एका साध्या सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) 'लॉग ड्रम' नावाचा तयार आवाज आहे तो. पोरांनी तो बेससारखा वाजवला. सुरुवातीला ही गाणी रेडिओपेक्षा व्हॉट्सअॅपवरून आणि शेअर टॅक्सीतल्या स्पीकरवरूनच जास्त फिरली. बरं, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, अर्धं गाणं गायबच होतं. हेडफोन लावा.