इंजिन ऑइल ५डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०? मॅन्युअल एक सांगतं, मेकॅनिक दुसरंच

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १,२०,००० किमी झालेत. रोज मुलुंड ते अंधेरीतलं सीप्झ. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला पवईपाशी अडकलो की अर्धा तास पहिला-दुसरा गिअर. सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद वरून टकटक येते, मग गप्प. शिवाय ४,००० किमीत डिपस्टिकवरचं ऑइल वरच्या खुणेवरून अर्ध्यावर आलंय. गळती नाही, दोन रात्री खाली पुठ्ठा अंथरून पाहिलं.

मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे. मेकॅनिकने ऑइल दोन बोटांत चोळलं नि म्हणाला, "पाणी आहे हे, साहेब. थंड देशातलं. मुंबईत २०डब्ल्यू-५० टाका, आवाज बसेल." माणूस प्रामाणिक आहे, म्हणूनच गोंधळलोय. इंजिन तापल्यावर आतलं ऑइल १०० अंशांच्या आसपास जाणारच, मग बाहेरच्या उन्हाने असा काय फरक पडतो? ५डब्ल्यू-४० हा मधला मार्ग चालेल का?

प्रतिसाद
डब्ल्यू म्हणजे विंटर, पण म्हणून ते फक्त थंडीचं ऑइल होत नाही. थंडीतल्या स्टार्टची चाचणी ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मुंबईत दोन्ही डोळे झाकून पास. खरा फरक मागच्या आकड्यात आहे: १०० अंशांना ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं माप), ५० ग्रेड १६.३ ते २१.९. म्हणजे साधारण पावणेदोन पट दाट. आणि सकाळी गार इंजिनात २०डब्ल्यू-५० वर चढायला उलट जास्त वेळ घेईल. टकटक लांबेल, बसणार नाही.

मॅन्युअलच्या तक्त्यात ४० ग्रेड असेल तर ५डब्ल्यू-४० जरूर टाका, ऑइल पिणं थोडं कमी होऊ शकतं. पण आधी दोन गोष्टी बघा. सकाळी सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? येत असेल तर व्हॉल्व्ह सील गेलं असावं. आणि ऑइल फिल्टर कुठला आहे? आत एक रबरी झडप असते, ती बंद इंजिनात ऑइल अडवून धरते. हलक्या फिल्टरची कडक झाली की रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी नेमकी तुमच्यासारखी दोन-तीन सेकंदांची टकटक होते.

धागाकर्ता
धूर नाही. मागच्या सर्व्हिसचं बिल काढलं. फिल्टरपुढे नुसतं 'लोकल' लिहिलंय, ९० रुपये. शनिवारी ओरिजिनल बसवतो, ऑइल तूर्त ५डब्ल्यू-३० च.