मदत हवी आहे : मित्राचा गांजा सुटत नाही आणि आता त्याला सतत संशय येऊ लागले आहेत

नमस्कार.

माझ्या अगदी जवळच्या मित्रासंबंधी मला सल्ला हवा आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याच्या वागण्याविषयी मात्र जे लिहिले आहे ते जसे घडले तसेच आहे.

आम्ही दोघे सातारा जिल्ह्यातले, अकरावीपासून एकत्र शिकलेले. पदवीनंतर राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलो आणि गेली चार वर्षे एकाच खोलीत राहतो. मला मागच्या वर्षी बँकेत नोकरी लागली. त्याची मुख्य परीक्षा मात्र दोनदा थोडक्या गुणांनी हुकली. पहिल्यांदा हुकली त्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या काही मुलांबरोबर टेकडीवर जाऊन आम्ही दोघांनी गांजा ओढला. मला तो मानवला नाही, छाती धडधडू लागली आणि मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. त्याला मात्र त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. शनिवारचा एक जॉइंट हळूहळू रोजचा झाला आणि गेल्या दिवाळीपासून सकाळी चहाच्या आधी एक, रात्री दोन-तीन असा क्रमच ठरून गेला आहे. हे सारे डोळ्यांसमोर घडत असताना ‘दारू तर पीत नाही ना’ अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो, याची टोचणी मला आज फार आहे.

गेल्या तीन महिन्यांत त्याच्यात जो बदल झाला आहे, तो केवळ नशेचा आहे असे मला वाटत नाही. आधी तो गप्प गप्प राहू लागला. मग अभ्यासिकेतली मुले आपल्याविषयी कुजबुजतात, असे म्हणू लागला. स्पर्धा परीक्षेच्या गर्दीत हेवेदावे नवे नसल्याने सुरुवातीला मला ते खरेच वाटले. परंतु एका रात्री त्याने माझ्यासमोर त्याची वही उघडली. तिच्यात तारीख आणि वेळ घालून, त्याच्या नेहमीच्या नेटक्या अक्षरात, मागच्या बाकावरच्या मुलाने बॉलपेनचे बटण किती वेळा दाबले याच्या नोंदी होत्या : तीन वेळा, थांबून दोन वेळा, पुन्हा तीन वेळा. समासात ‘तीन म्हणजे मी आलो’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. वही राज्यघटनेच्या टिपणांची आहे. पुढून कलमे आणि मागून या नोंदी. ती हातात धरून बसलो असताना काय बोलावे, हे मला सुचले नाही.

आता तो खानावळीचा डबा तसाच ठेवतो, कारण त्यात काहीतरी मिसळले जाते असा त्याचा समज झाला आहे. मी त्याच्या डब्यातले दोन घास आधी खाल्ले, तरच तो त्यातले खातो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्याने जखमेवर लावायची पट्टी चिकटवली आहे. रात्री जेमतेम दोन-अडीच तास झोपतो.

जानेवारीत माझ्या आग्रहावरून त्याने चार दिवस गांजा पूर्ण थांबवला होता. त्या दिवसांत त्याची चिडचिड प्रचंड वाढली, अन्नावरची वासना उडाली, घामाने अंथरूण ओले होई आणि भयंकर स्वप्ने पडून तो ओरडत उठे. पाचव्या दिवशी त्याने पुन्हा सुरू केले आणि म्हणाला, “बघितलंस ना? गांजा हेच माझं औषध आहे. ते काढून घेतलंस तर मी वेडा होईन.” रोजच्या सेवनानंतर गांजा अचानक सोडला की हा त्रास होतो, पहिल्या आठवड्यात तो सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत बराचसा ओसरतो, हे मला नंतर वाचून कळले. त्या चार दिवसांत ते ठाऊक असते, तर त्याला धीर देता आला असता.

गांजामुळे हा आजार झाला, की आजार आधीच सुरू होता आणि तो शांत करण्यासाठी गांजा वाढला, हा प्रश्न मला पडला आहे. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची १५ वर्षांची माहिती अभ्यासून १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे (भास आणि खोटे संशय यांच्या गंभीर मानसिक आजाराचे) प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले होते. अर्थात, ओढणाऱ्या बहुतेकांना असे काही होत नाही, आणि त्याचे मित्र नेमके हेच त्याला ऐकवतात. परंतु त्याच्या एका मामांच्या डोक्यावर तरुणपणी परिणाम झाला होता, असे काकू, म्हणजे त्याची आई, पूर्वी एकदा बोलून गेल्या होत्या. घरात असा आजार असेल तर धोका वाढतो, हे कळल्यापासून मला ते वाक्य सारखे आठवते.

गेल्या आठवड्यात मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलता आले आणि पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. संशय खोटा ठरवण्यासाठी वाद घालू नका, पण ‘हो, ते तुझ्या मागावर आहेत’ असेही म्हणू नका. त्याला वाटणाऱ्या भीतीबद्दल बोला, असे त्यांनी सांगितले. सरळ व्यसनमुक्ती केंद्र गाठण्यापेक्षा आधी मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, असेही त्या म्हणाल्या. जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारायला त्यांनी सांगितले. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. मी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मरायचं नाही रे. फक्त हे थांबावं.” तेव्हापासून मी रात्रपाळी केल्यासारखा जागा असतो.

पोलिसांची भीती हे त्याचे डॉक्टरांकडे न जाण्याचे मुख्य कारण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाचे सेवन हा गुन्हा आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थांसंबंधीचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. राज्यघटनेचा विद्यार्थी असल्याने कलम दाखवले की तो ते नीट वाचतो. हे त्याने दोनदा वाचले, म्हणून मला थोडी आशा आहे.

घरच्यांना सांगावे की नाही, यावर माझे मन ठरत नाही. मी दादाला, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाला, एवढेच सांगितले की त्याला झोप लागत नाही. त्यावर दादा म्हणाला, “काही लपवत असशील तर आत्ताच सांग. गाडी घेऊन येतो, उचलून केंद्रात टाकतो.” दादाचा जीव आहे त्याच्यावर. पण आपल्यावर पाळत आहे असे ज्याला वाटते, त्याला चार माणसांनी गाडीत कोंबले तर त्याचा सगळा संशय खरा ठरेल. दुसरीकडे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णाने उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी आधी नेमला नसेल, तर तो मान प्रथम नातेवाइकाकडे जातो. प्रकृती बिघडून संमतीविना दाखल करण्याची वेळ आली, तर त्या कायद्याच्या ८९ व्या कलमाखाली अर्ज त्याच प्रतिनिधीने करायचा असतो आणि दोन तज्ज्ञांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. म्हणजे घरच्यांना कायमचे अंधारात ठेवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. आपल्यापैकी कोणी अशा प्रसंगी घरच्यांना विश्वासात घेतले असेल, तर आधी कोणाशी आणि कोणत्या शब्दांत बोललात, हे कृपया लिहावे. काकूंना रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून हे विशेष विचारतो आहे.

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. ‘तुला भास होतात, डॉक्टरांकडे चल’ असे म्हटले की तो दार लावून घेतो. ‘झोपेसाठी जाऊ या’ म्हटल्यावर मात्र परवा तयार झाला. गुरुवारी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जायचे ठरले आहे. “तू आत येशील ना माझ्याबरोबर?” असे त्याने दोनदा विचारले आणि मी हो म्हणालो. पेनाच्या नोंदी, डबा आणि रोजचा गांजा हे तो स्वतःहून सांगेल असे वाटत नाही. डॉक्टरांना आधी चिठ्ठीवर लिहून द्यावे, की त्याच्यासमोरच बोलावे? चिठ्ठी दिली आणि त्याला कळले, तर ज्याच्या हातचे तो आज खातो असा माणूसच उरणार नाही. त्याला आदल्या रात्रीच ‘मी हे डॉक्टरांना सांगणार आहे’ असे सांगून टाकावे, असे मला मनापासून वाटते. परंतु त्यामुळे तो यायलाच नकार देईल, ही भीती आहे. मानसोपचार क्षेत्रातल्या किंवा यातून गेलेल्या कोणी यावर लिहिले तर मी ऋणी राहीन.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही खोलीवरून निघणार आहोत. बुधवारी रात्री उशिरापर्यंत मी इथे उत्तरे पाहत असेन.